ज्याचं-त्याचं पाकीट

नाना, तुम्ही गेल्यावरच्या पहिल्याच बैठकीत मी घोळ घातला. पाकिटं चार भरायची होती, मी पाच भरली.

महिन्याचा पहिला रविवार. तुमचं तेरावं होऊन आठवडाच झालेला, घरात अजून उदबत्तीचा वास होता. बैठक कोणालाच नको होती. तुमचे चिरंजीव सुनील म्हणाले, "या महिन्यात राहू दे ना वंदना, ज्याचे त्याला मी फोनवरून पाठवून देतो." मीही हो म्हणणार होते. तेवढ्यात आईंनी पितळी परात आणली आणि पुढच्या खोलीत सतरंजीच्या मधोमध दाणकन ठेवली. मग कोणाची टाप होती! बसलो सगळे. तुमच्या खुर्चीकडे कोणी फिरकलं नाही. मीच खाली मांडी घालून परात पुढे ओढली. माझा शाळेतल्या कारकुनीचा पगार आणि सुनीलच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घरासाठी आलेले पैसे परातीत टाकले. मग तुमच्याच क्रमानं एकेक ढीग. किराणा, दूध, लाईट बिल, गॅस, दवाखाना, तुमच्या नातीचं, श्रावणीचं होस्टेल, आलं-गेलं, आखाजी-दिवाळी. तेवीस वर्षं तुम्हाला हेच करताना बघितलं होतं, त्यामुळे हात आपोआप चालत होते.

आणि सगळ्यात शेवटी ज्याचं-त्याचं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांचा गठ्ठा काढला, एकेकात पाचशे घातले आणि पत्ते वाटावेत तशी वाटत गेले. आई, सुनील, श्रावणी, मी. तरी हातात एक राहिलंच. कोणा चि. सौ. कां.चं नाव खोडून मी त्यावर पेन्सिलीनं 'नाना' लिहिलेलं होतं, कधी लिहिलं ते माझं मलाही कळलं नव्हतं.

श्रावणीनं मान खाली घातली. सुनील घसा खाकरून म्हणाला, "किराण्यात टाकून दे ते."

तेव्हा आईंनी हात पुढे केला. "माले दे," म्हणाल्या. "मी ठेवस."

दिलं. विचारलं नाही कशाला. विचारायचं नसतंच ना, तुमचाच नियम तो.

नाना, या नियमानं मला किती छळलं तुम्हाला ठाऊक आहे. मी जळगावच्या गल्लीत वाढलेली. आमच्याकडे शेजारणीच्या पिशवीत मेथी आहे की पालक हे तिनं जिना चढायच्या आधी सगळ्या आळीला कळतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि दुसऱ्याच्या तोंडात भिजलेला मला बघवत नाही. अशा पोरीला तुम्ही या घरात आणलं, आणि पहिल्याच महिन्यात पन्नास रुपयांचं पाकीट हातात ठेवून म्हणालात, "हाई तुन्हं. काय करशी ते कर. कोन्ही इचारानं नही." मला वाटलं सासरे गंमत करताहेत. मग तसंच पाकीट आईंना दिलं, सुनीलला दिलं आणि एक स्वतःच्या खिशात घातलं. चौघांना सारखेच.

खरं सांगू? मला राग आला होता. तेव्हा मी नुकती शाळेत चिकटले होते आणि पहिला पगार अख्खा तुमच्या परातीत ठेवला होता. मनात म्हटलं, कमावते मी, आणि घरात बसणाऱ्या सासूबाईंना माझ्याइतकेच? दुसऱ्या महिन्यात बोलूनही दाखवलं, जरा आडून. तुम्ही चिडला नाहीत. दुधाचा ढीग नीट करत म्हणालात, "पगार घरना शे. हाई मानूसनं शे." पगार घराचा, हे माणसाचं, एवढंच बोललात आणि पुढे गॅसचे मोजायला लागलात. नरडाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस तुम्ही, नट-बोल्टसुद्धा सही घेतल्याशिवाय दिला नसेल कोणाला. घरातल्या कोथिंबिरीचाही हिशेब ठेवायचात. आणि एवढ्या एका पाकिटापाशी येऊन वही मिटायची. मला हे कोडं कितीतरी वर्षं सुटलं नाही.

ते सुटलं एका दुपारी, आईंना बांगड्या भरायला कासारीण आली होती तेव्हा. तुम्ही दारापुढच्या ओट्यावर बसला होतात. सहज बोलल्यासारखं म्हणालात की तुमचे वडील तुमच्या आईकडून पै-पैचा जाब घ्यायचे. मिठाचे किती, तेलाचे किती, उरले किती. त्या माऊलीनं जन्मभर तेल महाग झालं असं खोटं सांगून बांगड्या भरल्या. "मी पोऱ्या होतो, मला माहीत होतं," तुम्ही म्हणालात. "बाप विचारायचा, तेल खरंच महागलं का रे? मी हो म्हणायचो." मग हसलात आणि कासारणीला म्हणालात, "भर वं माय, हिरव्या भर, चांगल्या डझनभर." मी आत जाऊन उगीचच भांडी घासत बसले. रडू आलं की मी भांडी घासते, हे तुम्हाला माहीत होतं.

तर आज मी तुम्हाला माझ्या पाकिटांचं सगळं सांगून टाकणार आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत. तेवीस वर्षांचं पोटात साठलंय, आता तरी ऐका.

पहिले पन्नास मी लस्सीवर उडवले. एकटीनं. धुळ्यातच, पांझरा नदीच्या पुलाअलीकडे थांबून दोन ग्लास ओळीनं प्यायले आणि घरी येऊन जेवताना भूक नाही म्हटलं. आईंना वाटलं दिवस गेले! पुढचे सात-आठ महिने जमवून स्कूटर शिकले. एक दिवस मैत्रिणीची स्कूटर घेऊन दारात उभी राहिले तेव्हा सुनील तोंड उघडं टाकून बघत होता, आणि तुम्ही फक्त म्हणालात, "ब्रेक आधी मागचा दाबत जा." मग शाळेतल्या शिपाईणबाईंच्या मुलीला चष्मा करून दिला. एकदा भलती महाग लिपस्टिक घेतली, ती कधी लावली नाही, अजून आहे. जळगावला माहेरी जाताना एकदा साध्या बसनं न जाता भाड्याची गाडी केली, एकटीसाठी, मागच्या सीटवर पाय पसरून, राणीसारखी. अमळनेर येईपर्यंत हसत होते.

आणि एकदा, नाना, आता लाज सोडूनच सांगते, एकशे एक्कावन्न रुपये मी एका ज्योतिषाला दिले. कशासाठी? तुम्ही तुमच्या पाकिटाचं काय करता ते विचारायला!

हसा, हसा.

पण माझा जीव किती वर-खाली व्हायचा तुम्हाला कल्पना नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालायचात. वर्षाकाठी दोनच शर्ट, त्यातला बरा. काळी छत्री घ्यायची, दहा वाजता घराबाहेर, संध्याकाळी साडेपाचला परत. चेहरा असा खुललेला की जेवताना मिठाची तक्रारसुद्धा नाही. दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी, म्हणजे मी घरातच, बघतेय. आणि विचारायचं नाही! एकदा शर्ट धुवायला घेतला तर खिशात चाळीसगावचं तिकीट निघालं. तिकीट होतं तसं वाळवून परत खिशात ठेवलं, पण डोक्यातनं जाईना. चाळीसगावात आपलं कोण आहे? कोणी नाही. ना भाऊबंद, ना सोयरे, ना नोकरीतलं कोणी. ज्योतिषी म्हणाला, पाण्याकाठी एक स्त्री दिसते. आता पाण्याकाठी तर अख्खं गाव असतं, पण माझी झोप उडाली ना!

आणि मग तो रविवार आला. तो आठवला की आजही माझे कान गरम होतात.

श्रावणीला जळगावला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी, होस्टेल, गणवेश, पुस्तकं धरून बावीस हजार कमी पडत होते. तुम्ही परात पुढे घेऊन दोन तास बसलात. पेपर बंद केला. टीव्हीचं केबल बंद केलं. स्वतःचं रात्रीचं दूध बंद केलं. दिवाळीचे कपडे पुढच्या वर्षावर ढकलले. माझं 'जळगाव' सुद्धा मीच काढायला सांगितलं. ('जळगाव' म्हणजे काय ते आमच्या घराबाहेर कोणाला कळणार नाही. धुळ्याच्या बाजारातल्या वांग्यांचं भरीत मला घशाखाली उतरत नाही, म्हणून हिवाळ्यात जळगावकडून येणारी हिरवी, बिनबियांची वांगी घ्यायला तुम्ही किराण्याशेजारी माझ्यासाठी एक वेगळा छोटा ढीग करायचात. सुनेच्या माहेरच्या वांग्यासाठी बजेटमध्ये कलम! माझ्या मैत्रिणींना खोटं वाटतं.) तुम्ही मात्र ते काढलं नाहीत. मान हलवून म्हणालात, राहू दे.

तेव्हा मी म्हटलं, "नाना, पाच जणांचे पाचशे म्हणजे वर्षाचे तीस हजार होतात. वर्षभर ही पाकिटं बंद करा ना. फी सुटते."

"हे बंद होणार नाही," तुम्ही म्हणालात. "बाकी काय म्हणशील ते करू."

आणि माझा तोल गेला. कर्ज काढायची धास्ती होती, पोरीच्या काळजीनं आठ दिवस झोप नव्हती, सगळं एकदम वर आलं. मी ओरडले, "तुम्ही करता काय एवढं त्या पैशांचं? दोन शर्टांत वर्ष काढता! चाळीसगावात कोण आहे तुमचं, ते तरी एकदा सांगून टाका!"

ते शब्द सगळ्यांनी ऐकले. सुनीलनं, श्रावणीनं आणि आईंनी. आई उठून आत गेल्या. तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही तुमचं पाकीट उचललंत आणि माझ्यासमोर ठेवलंत. "घे," म्हणालात. आणि मी, देवा, मी ते घेतलं.

चार महिने तुम्ही तेच केलं. तुमचं पाकीट फीच्या ढिगावर. दोन हजार रुपये! तेवढ्यानं काय होणार होतं, डोंबल! शेवटी मी शाळेच्या पतपेढीतून उचल घेतली आणि ती फेडली. पण ते चार दुसरे शनिवार तुम्ही घरी होतात. इस्त्रीचा शर्ट दांडीवर. तुम्ही ओट्यावर, हातात शेजाऱ्यांचा शिळा पेपर. दहा वाजले की एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचात आणि पान उलटायचात. मी आत पोळ्या लाटत असायचे, खिडकीतून सगळं दिसत होतं. बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं की नाना, चुकले, जा तुम्ही. चार पावलांवर होतात तुम्ही. नाही जमलं मला. जीभ एवढी चालते माझी, आणि नेमकी तिथेच अडली.

पाचव्या महिन्यात मी तुमचं पाकीट उचलून तुमच्याच हातात दिलं. तुम्ही विचारलंत, "जमलं का तुझं?" मी म्हटलं, "जमलं." झालं. एवढ्यावर मिटलं. पुढच्या शनिवारी तुम्ही छत्री घेऊन निघालात आणि घरात दिवाळी असल्यासारखी मी शिरा केला. तुम्हाला कळलं असेल का शिरा कशाचा होता? आईंना कळला होता. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

पण माफी राहिलीच. 'चाळीसगावात कोण आहे तुमचं' हे वाक्य मी मागे घेतलं नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी चहा देताना मी तुम्हाला साखर कमी-जास्त विचारली, गॅसचा नंबर लावला का विचारलं. एवढे प्रश्न विचारले, आणि सांगायचं होतं ते नाही सांगितलं.

मग एप्रिलात, भर उन्हात, दुपारी दारावर टकटक झाली.

सत्तरीचे एक गृहस्थ. पांढरा स्वच्छ कुर्ता, डोक्यावर जाळीची टोपी, घामानं चिंब. हातात तुमची काळी छत्री. मुठीला तुम्ही गुंडाळलेली निळी वायर बघितली आणि लगेच ओळखली. छत्री हरवली असं आम्ही धरून चाललो होतो.

"नानांचं घर हेच ना? मी रशीद. चाळीसगावहून आलो," ते म्हणाले. "नाना मागच्या खेपेला छत्री विसरले. मग दोन महिने आलेच नाहीत. फोन लावला तर बंद. म्हटलं तब्येत बघून यावं." मग त्यांचं लक्ष भिंतीवर गेलं. फोटोला हार होता. ते तसेच उभे राहिले. छत्री दोन्ही हातांत धरून.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. आई आतून येऊन समोर बसल्या, पदर सावरून. आणि नाना, माझ्यासमोर तो माणूस बसलेला होता, ज्याला सगळं ठाऊक होतं! तेवीस वर्षांचं कोडं माझ्याच कपात चहा पीत होतं. मी अंदाज बांधत होते. अंदाज करायला काही बंदी नाही. कुस्त्या? कबुतरं? कॅरम? त्यांच्या हातांकडे बघितलं, बोटांकडे बघितलं, काही पत्ता लागेना. एक प्रश्न, फक्त एक. तुम्हीही नव्हतात 'इचारानं नही' म्हणायला.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "भाभी, तुम्हाला तर माहीतच असेल, नाना आमच्याकडे येऊन..."

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही. आणि रशीदभाई, सांगूही नका."

आपल्याच तोंडून हे निघालं यावर माझा विश्वास बसेना. ते डोळे पुसत हसायलाच लागले. "नाना अगदी बरोबर बोलायचे! म्हणायचे, रशीद, आमच्या घरात विचारत नाहीत. एकदाच चार महिने आले नव्हते. मी म्हटलं, क्या हुआ, बीमार थे क्या? तर म्हणाले, नाही रे. नातीची फी होती. सुनेनं माझं पाकीट हक्कानं मागून घेतलं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "हे सांगताना असे खूश! चार लोकांना ऐकवलं. आमची सून हक्कानं मागते, म्हणे."

हक्कानं. नाना, मी भांडून, आरोप करून, सगळ्यांसमोर तुमचा अपमान करून घेतलेलं पाकीट, आणि तुम्ही चाळीसगावात जाऊन त्याची बढाई मारलीत. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला काढली. एवढी वर्षं मी ते वाक्य उराशी घेऊन बसले होते. तुम्ही ते कधीच टाकून दिलं होतंत.

मी बाहेर आले तोवर आई रशीदभाईंना फाटकापर्यंत सोडायला गेल्या होत्या. कडक ऊन. गुडघे दुखतात म्हणून देवळातही न जाणारी ही बाई फाटकाशी चांगली पंधरा मिनिटं उभी होती. ते काहीतरी सांगत होते, आई मान हलवत होत्या. खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. परत आल्या, छत्री खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "भला मानूस शे."

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तुमच्या नावाची घागर भरली, वर खरबूज, आपलं डांगर, ठेवलं. आखाजीच्या ढिगात पैसे पुरेसे होते, तुम्हीच दर महिन्याला टाकून ठेवलेले. तुमच्या घागरीचा खर्चसुद्धा तुम्ही आधीच बाजूला काढून गेलात, हे लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. सांजोऱ्या केल्या. पहिली तुमची.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, तेही सांगून टाकते, तुम्ही जिंकलात. श्रावणीनं तुमच्या फोनमध्ये खर्चाचं ते अ‍ॅप घालून दिलं होतं. मी तुमच्या मागे लागले होते की आता परात सोडा, सगळं फोनवर दिसतं. तुम्ही चष्मा लावून तासभर बघितलं आणि नातीला विचारलंत, "यात ज्याचे-त्याचे कुठे टाकायचे?" ती म्हणाली, इतर खर्चात टाका, कुठे गेले ते आपोआप लिहून येतं. तुम्ही फोन तिच्या हातात परत दिलात. "मग नको. हे फार विचारतं," म्हणालात. मी तेव्हा तुम्हाला हट्टी म्हटलं होतं. आता गेल्या महिन्यात सुनील पुन्हा फोनचं बोलायला लागला, तर परात मीच आणली. दाणकन ठेवली, आईंसारखी.

आणि आता कालचं.

काल दुसरा शनिवार. सकाळी नऊलाच आईंनी अंघोळ उरकली. मी कणीक मळत होते. बघते तर जांभळी साडी, ती श्रावणीच्या बारशाची, घडी मोडून नेसलेली. केस नीट विंचरलेले. पिशवीत तीन पाकिटं टाकली. तिन्हींवर पेन्सिलीनं 'नाना' लिहिलेलं, माझंच अक्षर. पहिल्या महिन्यात चुकून केलं होतं, पुढचे दोन महिने मी ते चुकून केलेलं नाही. खुंटीवरची छत्री घेतली. नाना, ही बाई पुलाच्या पलीकडे कधी एकटी गेली नाही. दवाखान्यात जायला दोघं लागतात तिला. वय त्र्याहत्तर, गुडघे असे, बाहेर ऊन तसं.

सुनील दुकानात जायला निघाला होता. तो तोंड उघडणार एवढ्यात मी कणकेच्या हातानं त्याच्या शर्टाची बाही धरली. डाग पडला, पडू दे.

आई उंबऱ्यात थांबल्या. माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, ही आता सुरू होणार. आणि मला काय काय विचारायचं होतं! कुठे? कोणाबरोबर? गाडीत चढणार कशा? जेवणार काय? तिथे आहे तरी काय, ते मला नको पण मनातल्या मनात तरी सांगा! सगळे प्रश्न दातांमागे रांग लावून उभे होते.

"आई," मी म्हटलं, "पाणी घेतलं का?"

"घेतलं." मग चपला घालता घालता म्हणाल्या, "मी जाई येस वं."

दहा वाजले होते. मी ओट्यावर येऊन बघत राहिले. हळू चालत होत्या, पण थांबत नव्हत्या. कोपऱ्यावर रिक्षा केली. आधी भाव ठरवला, हात हलवून हलवून, चांगली घासाघीस करून. तुमच्या पैशांत तुमच्यासारखीच काटकसर.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. पोळ्या जळाल्या. चार वेळा फोन हातात घेतला, चार वेळा ठेवला. पाच वाजता ओट्यावर जाऊन बसले, तुमच्या जागेवर, आणि दर मिनिटाला घड्याळ बघितलं. तेवीस वर्षं मला वाटत होतं की हे सगळं सोसलं मीच. आई ओट्यावर कधी बसल्या नाहीत, पण दुसऱ्या शनिवारी पाच वाजता त्या चहाचं आधण ठेवायच्या. साडेपाचला तुम्ही यायचात आणि चहा तयार असायचा. त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत, विचारलंही नाही. काल ते सगळं आठवलं. उठले आणि आत जाऊन आधण ठेवलं.

साडेपाचला फाटक वाजलं.

ऊन लागून चेहरा लाल झालेला. साडीला कुठलीशी धूळ. गुडघा धरून पायरी चढल्या, खुर्चीवर बसल्या. तुमच्याच खुर्चीवर, नाना, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी चहा दिला. दोन घोट घेतले आणि त्या आपल्याशीच हसल्या. मी त्यांना असं हसताना तुमच्या षष्ट्यब्दीनंतर बघितलं नव्हतं.

पिशवी मी उचलून आत ठेवायला घेतली तेव्हा लक्षात आलं. खुंटी रिकामी होती. आईंच्या हातात छत्री नव्हती, काखेत नव्हती, पिशवीतही नव्हती. चाळीसगावात राहिली.

नाना, मी विचारलं नाही.